शोध कोणासाठी?

मानवी देहात दोन ताल अखंड चालू असतात. एक हृदयाच्या ठोक्यांचा, दुसरा श्वासाचा. यांपैकी एक जरी बिघडला तरी मृत्यू फार दूर नसतो. या दोन तालांवर पहारा ठेवणारी दोन साधने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निर्माण झाली. एक अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात, दुसरे गडचिरोलीच्या जंगलभागात. पहिल्याभोवती मोठा उद्योग उभा राहिला. दुसऱ्याचे नाव आरोग्यक्षेत्राबाहेर क्वचितच ऐकू येते. या तफावतीचे कारण साधनांच्या गुणवत्तेत नसून अर्थव्यवहारात आहे.

पहिल्याचे जनक मिशेल मिरोवस्की हे पोलंडमध्ये जन्मलेले हृदयरोगतज्ज्ञ. इस्रायलमध्ये असता त्यांचे वरिष्ठ सहकारी हॅरी हेलर हृदयाची गती बेताल होऊन दगावले. असा प्रसंग रुग्णालयाबाहेर ओढवला, तर विजेचा धक्का देऊन ठोके पूर्ववत करणारे यंत्र रोग्यापर्यंत पोहोचावे कसे? ते देहातच बसवावे, हे मिरोवस्कींचे उत्तर होते. १९६८ साली बाल्टिमोरला आल्यावर मॉर्टन मोवर यांच्यासह ते या कल्पनेच्या मागे लागले. १९७२ साली बर्नार्ड लाउन यांच्यासारख्या नामांकित तज्ज्ञाने तिच्या उपयुक्ततेबद्दल तीव्र शंका घेतली. अशा यंत्राला बाजार नाही, असे मत उद्योगक्षेत्रातही व्यक्त झाले. तरीही फेब्रुवारी १९८० मध्ये जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ते प्रथम एका रोग्याच्या देहात बसविण्यात आले आणि १९८५ मध्ये त्याला अमेरिकी सरकारची मान्यता मिळाली. पैसे मोजू शकणारा समाज असल्याने पुढे ग्राहकही उभा राहिला.

त्याच जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याची पदवी घेऊन डॉ. अभय व डॉ. राणी बंग १९८४ साली मायदेशी परतले आणि १९८६ पासून त्यांच्या 'सर्च' या संस्थेने गडचिरोलीत काम आरंभिले. चंद्रपूरमधून हा जिल्हा १९८२ सालीच वेगळा झाला होता. तेथील बालमृत्यूंचे एक प्रमुख कारण न्यूमोनिया होते. औषध महाग नव्हते. अडचण निदानाची होती. दोन महिन्यांच्या आतील बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, आणि त्याहून मोठ्या तान्ह्याचा ५० किंवा अधिक वेळा चालला, तर न्यूमोनियाची शंका घ्यावी, असा नियम आहे. पण बाळाजवळ असते ती गावची सुईण. तिला पन्नास-साठपर्यंत मोजता येत नसेल आणि तिच्या हाती घड्याळ नसेल, तर हा नियम कागदावरच राहणार.

यावर काढलेला तोडगा साधा होता. एका मिनिटाची वाळूची घटिका आणि तारेवर ओवलेले मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी तांबडा मणी सरकला, तर औषध सुरू करायचे. १९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात गडचिरोलीतील प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गावपातळीवर उपचार मिळालेल्या भागात पाच वर्षांखालील मुलांचे न्यूमोनियाने होणारे मृत्यू हजारी ८.१ होते, तुलनेसाठी घेतलेल्या भागात ते १७.५ होते.

अर्थशास्त्र गरज आणि मागणी यांत भेद करते. ज्या गरजेमागे क्रयशक्ती नाही, तिला बाजार ओळखत नाही. सुईणीच्या हातातील मण्यांना नफ्यासाठी धडपडणारा उत्पादक मिळणे कठीण, कारण ज्याचा जीव वाचतो तो ग्राहकच नव्हे. मिरोवस्कींच्या यंत्राला बाजार सापडला. या साधनाच्या मागे समाजालाच उभे राहावे लागते.

मात्र यावरून 'गरिबांना मणी, धनिकांना यंत्र' अशी वाटणी कोणी सुचवू लागेल, तर ती अन्यायाची ठरेल. भामरागडच्या माणसाचे हृदय बेताल झाले, तर त्यालाही तेच यंत्र लागते. तेथे मणी उपयोगाचे नाहीत. प्रश्न स्वस्त की महाग असा नसून, प्रत्येक गरजेची किंमत कोणी भरावी, असा आहे.

याचे एक उत्तर गडचिरोलीनेच दाखविले आहे. घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याचा प्रयोग ३९ गावांत झाला. त्यात नवजातांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, असे १९९९ साली प्रसिद्ध झाले. २०११ साली केंद्र सरकारने 'आशा' कार्यकर्त्यांमार्फत हीच पद्धत देशभर स्वीकारली. सरकार खर्च करू लागले, तेव्हा गरजेचे रूपांतर मागणीत झाले.

आज आव्हान पालटले आहे. ग्रामीण गडचिरोलीत दर सात मृत्यूंमागे एक पक्षाघाताने होतो, असे 'सर्च'च्या २०१५ सालच्या अभ्यासात आढळले. रक्तदाब वाढला, किंवा हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडून तेथे रक्ताची गुठळी झाली, तर पक्षाघात ओढवतो. म्हणजे आता रक्तदाब आणि नाडीची लय गावातच तपासली जायला हवी. अशा तपासणीसाठी अंदाजपत्रकात कायमची तरतूद करणे हा दानधर्म नव्हे. बाजार जेथे पोहोचत नाही, तेथे शासनाचे ते कर्तव्यच होय. शोधकांनी आपले काम केले आहे. आता खर्चाची जबाबदारी शासनाने उचलली पाहिजे.