शुक्र अदा करताना

मूल आजारातून उठले की आपल्या घरांत शुक्र अदा होतो, सदका निघतो, शेजाऱ्यांकडे मिठाई जाते. हे योग्यच आहे. पण त्या रात्री ज्या हातांनी काम केले, त्यांच्यापर्यंत यातले काय पोहोचते?

गेल्या पावसाळ्यात आमच्या चौदा महिन्यांच्या मुलीला जुलाब-उलट्या सुरू झाल्या. ओआरएस देत होतो, पण पोटात काही टिकेना. रात्री दोनच्या सुमारास तिने रडणेही थांबवले. डोळे खोल गेले होते, कित्येक तास लघवी नव्हती. सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत, केसपेपर निघायच्या आधीच, रेसिडेंट डॉक्टरने तिच्या पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती सावकाश खाली बसली, तशा त्या सिस्टरला हाक मारत मुलीला आत घेऊन गेल्या. शरीरातले पाणी आटले की लहान मुलाची शीर सापडणे फार कठीण होते. सिस्टरला ती तिसऱ्या प्रयत्नात, पायावर सापडली आणि सलाईन सुरू झाले. पहाटे मुलीने लघवी केली, तेव्हा ही खुशखबर आम्हाला आधी दिली ती वॉर्डातल्या मावशींनी. आज ती घरभर धावते.

आम्हाला आत घेतले, तेव्हा आधीपासून बसलेल्यांत कुरबूर झाली. तातडीच्या विभागात आल्या क्रमाने नंबर लागत नाही. ज्याचा जीव जास्त धोक्यात, तो आधी. आमच्या सॉफ्टवेअरच्या कामातही साधी रांग वेगळी आणि प्राधान्याची रांग वेगळी. उद्या आपणच बाहेर बसलेले असू. तेव्हा एवढे आठवावे, की आत आपल्या मुलापेक्षा जास्त आजारी कुणाचे तरी मूल आहे.

मोहल्ल्यातले मूल आजारी पडले की पंधरा-वीस जण रुग्णालयात धावतात. प्रेमानेच धावतात. पण त्या गर्दीत स्ट्रेचरला वाट मिळत नाही, आवाज चढतात, कधी डॉक्टरवर हात उगारला जातो. याविरुद्ध राज्यात २०१० पासून कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण कायद्याचे भय हे कारण पुरेसे नाही. ज्या हाताने शीर शोधायची, तो हात भीतीने थरथरू नये, हे कारण पुरेसे आहे. दोघांनी आत जावे, एकाने औषधासाठी थांबावे, बाकीच्यांनी घरी दुआ करावी.

आभार मानणे म्हणजे लाचारी नव्हे. तातडीचे उपचार हा उपकार नाही. १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की जीव वाचवणे हे सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे. म्हणून खाट नसेल, औषध बाहेरून आणावे लागत असेल, एका सिस्टरवर सगळा वॉर्ड असेल, तर राग योग्य पत्त्यावर न्यावा. रात्रपाळीची डॉक्टर पदे मंजूर करत नाही. नगरसेवकाला, आमदाराला लेखी विचारा. माहितीचा अधिकार वापरा.

आणि आभार? आम्ही अधीक्षकांना एक पानी पत्र दिले; त्यात डॉक्टर, सिस्टर आणि मावशी, तिघींची नावे लिहिली. हे कुणालाही जमेल. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या निरोगी तरुणाला दर तीन महिन्यांनी, तरुणीला दर चार महिन्यांनी रक्त देता येते. १०८ ची मोफत रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून आहे. हा नंबर अम्मी-अब्बांच्या फोनमध्ये आजच टाका. ओआरएसचे एक लिटरचे पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात, ग्लासभर पाण्यात नव्हे, हे गल्लीतल्या प्रत्येक घरात सांगा. मूल सुस्त झाले, पाणीही पिईना, लघवी थांबली, तर सकाळची वाट पाहू नका.

मिठाई जरूर वाटा. एक डबा रात्रपाळीच्या वॉर्डातही पोहोचू द्या.