आहेराची वही आणि खेळातला चाकू

लग्नकार्य आटोपले की पुण्यातील व्यापारी घरांत आहेराची वही उघडली जाते. कोणाचे पाकीट, कोणाची साडी, कोणाचे चांदीचे नाणे, हे सारे तीत उतरते आणि त्यांच्या घरच्या कार्यात तेवढेच, शक्यतो थोडे अधिक, परत जाते. न नेसलेली साडी पुढच्या आहेरात दिली तरी कोणी गैर मानीत नाही. ती जिने दिली तिच्याच जावेकडे जाऊ नये, एवढी दक्षता घरातील वडीलधारी बाई घेते. मात्र तीच साडी विकून पैसे केले असे कानावर आले, तर नाते अवघडते.

ही वही ज्यांनी कधी पाहिली नाही, अशा मुलांना आता निराळाच आहेर येतो. समजा, बिबवेवाडीतील एक महाविद्यालयीन मुलगा काउंटर-स्ट्राइक हा ऑनलाइन खेळ खेळतो. ज्यांची तोंडेही त्याने पाहिलेली नाहीत असे संघातील सोबती त्याच्या वाढदिवसाला वर्गणी काढून खेळातील एक चाकू देतात. चाकू कसला, पडद्यावरील नक्षीकाम! त्याने नेम सुधारत नाही. तरीही अशा चाकूंना हजारो रुपये, क्वचित लाखांतही भाव येतो. खेळाची कंपनी व्हॉल्व्ह हिने ऑक्टोबर 2025 मध्ये लाल प्रतीच्या पाच वस्तूंच्या बदल्यात चाकू मिळण्याची वाट मोकळी केली, तेव्हा हे भाव एका रात्रीत कोसळले. सराफाला यात नवे काही वाटणार नाही.

पुढे मुलाला पैशांची निकड लागते आणि चाकू विकावासा वाटतो. ‘दिले ते आपले झाले’, असे घरातील मोठे म्हणतील. ते अर्धेच खरे आहे. कंपनीच्या करारानुसार खेळणाऱ्याला मालकी मिळत नाही, वापराचा परवाना मिळतो. कंपनीच्या स्टीम बाजारात चाकू विकला तर सुमारे 15 टक्के कापले जातात आणि उरलेली रक्कम तेथील खात्यातच राहते. बँकेत येत नाही. रोख हवी तर बाहेरचा अनोळखी गिऱ्हाईक गाठावा लागतो. त्याने पाठविलेला पैसा एखाद्या फसवणुकीतला निघाला, तर सायबर तक्रारीवरून बँक रक्कम अडवून ठेवते. मुलाने सोयीसाठी दुकानाचे चालू खाते दिलेले असेल, तर त्या दिवशीचे धनादेशही अडकतात. वडिलांना चाकूची वार्ता प्रथम कळते ती अशी.

सोबत्यांचा प्रश्न याहून नाजूक आहे. स्पर्धेत जिंकलेली वस्तू कमाईची. ती विकताना कोणाला विचारण्याचे कारण नाही. मोफत वाटपात मिळालेला खेळ स्वतःच्याच खात्यात चालू करावा, असा बहुतेक मंडळांचा दंडक असतो. त्याचा सांकेतिक क्रमांक विकणे म्हणजे प्रसादाची पंगत विकणे. वर्गणीच्या भेटीचे तसे नाही. ती देणाऱ्यांत एखादा विद्यार्थीही असतो, ज्याने महिन्याच्या खर्चातून पैसे वाचविलेले असतात. त्यांना आधी सांगावे, कारणासह सांगावे आणि कोणाला चाकू परत हवा असल्यास त्याचा हक्क पहिला मानावा. विकून झाल्यावर कळविणे हे सांगणे नव्हे. हाती आलेला चाकू सात दिवस पुढे देता येत नाही, हा कंपनीचा नियम. रीतीची मुदत त्याहून पुष्कळ लांब धरावी. संघ केव्हाच मोडला असेल, कोणी कोणाला ओळख देत नसेल, तर मात्र संकोचाचे कारण उरत नाही.

आणखी एक बारकावा आहे. तुळशीबागेतून आहेराची भांडी आणताना त्यांवर नाव घालून घेण्याची जुनी चाल होती. नावाचा डबा मोडीत घालताना बायकांचा हात आजही थबकतो. या चाकूवरही नाव घालता येते आणि सोबती ते हौसेने घालतात. विकताना तसेच ठेवले, तर ते नव्या गिऱ्हाइकाकडे जाते. काढायला एक कळ दाबावी लागते. बहुतेकांना ते सुचत नाही.