संमेलनांत एकटे

गेल्या स्नेहसंमेलनाच्या दुसऱ्या दिवशीं एक पालक आम्हांस भेटावयास आले. गृहस्थ सज्जन, मुलाच्या हिताविषयीं दक्ष. मैदानावर त्या वेळीं लेझीम रंगांत आली होती, ध्वनिक्षेपक आपलें काम अवश्यतेहून अधिक चोख बजावीत होता, आणि त्यांचा मुलगा वाचनालयाच्या पायरीवर एकटा बसला होता. त्याच्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, "सर, हा कोणांत मिसळत नाहीं. घरींही असाच. पुढें याचें कसें व्हावयाचें?" शिक्षकी पेशाच्या संवयीनें आम्हीं तत्काल उत्तर दिलें, "काळजी करूं नका, आम्ही त्याला पुढें ओढूं." ते समाधानानें गेले. आम्हांस मात्र त्या रात्रीं आपल्याच उत्तराची लाज वाटूं लागली. कारण कांहीं काळापूर्वीं एका मोठ्या संमेलनांत आम्ही स्वतः तीन दिवस त्या मुलाप्रमाणेंच पायऱ्या शोधीत हिंडलों होतों. तो हिशेब चुकता करण्यासाठीं हा लेख लिहीत आहों.

तें संमेलन म्हणजे अमळनेर येथें २, ३ व ४ फेब्रुवारी २०२४ रोजीं भरलेलें ९७ वें अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन. या परंपरेचा आरंभ ११ मे १८७८ रोजीं पुण्यास न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांच्या अध्यक्षतेखालीं भरलेल्या सभेपासून धरतात. ती सभा ग्रंथकारांची होती. आज तेथें ग्रंथकारांहून वाचकच अधिक जमतात. कोणी आवडत्या लेखकास डोळे भरून पाहण्यासाठीं, कोणी सहीसाठीं, कोणी केवळ पुस्तकांच्या वासासाठीं. अमळनेरास यापूर्वीं १९५२ सालीं कृ. पां. कुलकर्णी यांच्या अध्यक्षतेखालीं संमेलन झालें होतें. ७२ वर्षांनीं तो मान त्या गांवास पुन्हां मिळाला, आणि या खेपेस कादंबरीकार डॉ. रवींद्र शोभणे अध्यक्ष होते. पुस्तकांच्या नादांत आमचें अर्धें आयुष्य गेलें, पण संमेलन पाहण्याचा योग आला नव्हता. दहावीच्या पूर्वपरीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासून डोळे आंबले होते. बरोबर येणार असलेल्या सहशिक्षकांना ऐन वेळीं घरगुती अडचण आली. जावें कीं न जावें या विचारांत दोन दिवस गेले. शेवटीं पिशवींत दोन सदरे व एक घोंगडी घालून आम्ही एकटेच निघालों. मनमाडवरून जळगांव, तेथें गाडी बदलून सुरतेच्या मार्गावर अमळनेर.

आमचे विद्यार्थी येथें हंसतील. दिवसाला पांच-सहा तास बोलणारा मनुष्य अबोल कसा, असें ते विचारतील. त्यांस आमचें सांगणें असें कीं, वर्गांत बोलणें ही निराळी गोष्ट आहे. तेथें काय बोलावयाचें तें आधींच ठरलेलें असतें, मध्यें टेबल असतें, आणि घंटा झाली कीं सुटका होते. अनोळखी माणसांच्या घोळक्यांत ना विषय ठरलेला, ना टेबल, ना घंटा. तेथें अर्धा तास उभें राहिलें म्हणजे आम्हांस चार तास शिकविल्याहून अधिक थकवा येतो. हा आळस नव्हे, गर्वही नव्हे. मानसशास्त्रज्ञ युंग यांनीं १९२१ सालीं आपल्या ग्रंथांत मनुष्यस्वभावाचे अंतर्मुख व बहिर्मुख असे दोन कल वर्णिले, तेव्हांपासून हे शब्द रूढ झाले. परंतु ज्याच्या वांट्यास तो स्वभाव आला आहे त्यास तो ग्रंथाविनाही ठाऊक असतो.

पहिल्या दिवशीं सकाळीं ग्रंथदिंडी निघाली. पालखींत ग्रंथ, पुढें मुलांचीं पथकें, दोहों बाजूंस गर्दी. आम्ही थोडें अंतर चाललों आणि मग एका दुकानाच्या ओट्याचा आश्रय घेतला. प्रताप महाविद्यालयाच्या प्रांगणांत भव्य मंडप उभारले होते. उद्घाटन झालें, भाषणें झालीं, तीं आम्हीं मन लावून ऐकलीं. अडचण भाषणांची नव्हतीच. श्रोता होणें आम्हांस उत्तम जमतें. अडचण दोन भाषणांमधल्या वेळाची. त्या वेळीं सारें जग एकमेकांच्या ओळखीचें आहे व आपण तेवढे चुकून आलों आहों असें वाटूं लागतें. जेवणाच्या रांगेत प्रश्न आला, "कोणाबरोबर आलांत?" "एकटाच आलों," असें सांगितल्याबरोबर विचारणाराच्या चेहऱ्यावर जी करुणा उमटली ती आम्ही विसरणार नाहीं. हा प्रश्न त्या दिवशीं आम्हांस सात वेळां विचारला गेला. विचारणारे सगळे भले लोक होते. सातव्या वेळीं मात्र आम्हीं "मंडळी मागून येत आहेत" असें सांगून टाकलें. मुलांना असत्य बोलूं नका म्हणून शिकविणाराचा हा पराक्रम येथें छापून द्यावा लागत आहे.

संध्याकाळीं डोकें ठणकूं लागलें. बाजारपेठेंतील खोलीवर जाऊन पडलों. रात्रीं उत्तम कार्यक्रम होता, तो बुडाला. दुसऱ्या दिवशीं सकाळीं उठून पहिलें काम केलें तें परतीच्या गाडीची चौकशी. गाडीला अवकाश होता. तेवढा वेळ काढावा म्हणून गांवांत चालत निघालों, आणि या चालण्यानेंच आमचें संमेलन वांचविलें.

ज्यांच्या नांवानें ती साहित्यनगरी उभारली होती त्या साने गुरुजींनीं या गांवांत १९२४ पासून १९३० पर्यंत शिक्षक म्हणून काम केलें. त्याआधीं ते येथील तत्त्वज्ञान मंदिरांत अभ्यासासाठीं राहिले होते. १९१६ सालीं स्थापन झालेली ही संस्था आजही आहे. पुढें त्यांच्याकडे शाळेच्या छात्रालयाचें काम आलें. तेथील मुलांसाठीं ते हातानें लिहिलेलें एक दैनिक काढीत, त्याचें नांवच 'छात्रालय'. जरा विचार करा. मुलें त्याच छपराखालीं राहात होतीं. हांक मारली असती तर तीं धांवत आलीं असतीं. तरीही त्यांना सांगावयाचें तें ते कागदावर उतरवीत. यावरून गुरुजी मुखदुर्बळ होते असा निष्कर्ष कोणी काढूं नये. १९३० सालीं नोकरी सोडून ते स्वातंत्र्याच्या लढ्यांत पडले, आणि सभांमधूनही त्यांनीं माणसें हालविलीं. परंतु एका मनापासून दुसऱ्या मनापर्यंत जाण्याची त्यांची जवळची वाट बहुधा कागदाचीच असावी, असें आम्हांस त्या गांवांत फिरतांना वाटलें. 'श्यामची आई' हें पुस्तक त्यांनीं १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिलें, हेंही तेव्हां आठवलें.

गाडीची चौकशी तशीच राहिली. आम्हीं एक करार केला, आपल्याशींच. सकाळीं एक परिसंवाद, संध्याकाळीं एक कार्यक्रम. याहून अधिक नाहीं. बसावयाचें तें रांगेच्या कडेला, म्हणजे उठतांना कोणाच्या पायांना धक्का लागूं नये. दुपार आपली. जें बुडेल तें बुडो. सगळें पाहिलें नाहीं तर पैसे फुकट गेले ही मध्यमवर्गीय हुरहुर मनांतून काढावयास अर्धा दिवस लागला, हेंही खरें.

दुपारीं परिसंवाद चालूं असतां ग्रंथप्रदर्शनांत गर्दी ओसरे. तेथें एका गाळ्यापुढें एक वयस्क शेतकरी उभे असलेले दिसले. पायांत धुळीनें माखलेल्या वहाणा, खांद्यावर कापडी पिशवी. ते पुस्तक उचलीत, दोन पानें वाचीत, जागच्या जागीं ठेवीत. आम्हीही तेंच करीत होतों. अर्ध्या तासानें त्यांनीं एक पुस्तक आमच्यापुढें सरकविलें आणि बोटानें एक पान दाखविलें. बहिणाबाई चौधरींचीं गाणीं! त्या माउलीस अक्षरओळख नव्हती; जात्यावर बसून व शेतांत राबतां राबतां तिनें तीं गाणीं रचलीं. ती ३ डिसेंबर १९५१ रोजीं वारली, आणि पुढच्या वर्षीं आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह तिचीं गाणीं पुस्तकरूपानें निघालीं. १९५२, म्हणजे ज्या वर्षीं अमळनेरास पहिलें संमेलन भरलें तेंच वर्ष. तिनें स्वतः एकही संमेलन गाजविलें नव्हतें. आम्हीं तें पान वाचलें, मान हालविली, आणि आमच्या हातांतील पुस्तकाचें एक पान त्यांस दाखविलें. मग बाहेर येऊन दोघांनीं चहा घेतला. त्यांनीं आमचें नांव विचारलें नाहीं, कोणाबरोबर आलांत हेंही विचारलें नाहीं. तिसऱ्या दिवशीं त्याच वेळीं त्याच गाळ्यापाशीं ते पुन्हां भेटले. दोन दिवसांत आमच्यांत दहा वाक्यें झालीं असतील. इतकी चांगली सोबत आम्हांस फार थोड्या वेळां लाभली आहे.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. एखाद्या गोष्टीवर प्रेम असणें आणि त्या गोष्टीभोंवतीं जमलेल्या गर्दीवर प्रेम असणें या दोन बाबी वेगळ्या आहेत, आणि आपण शाळांमधून त्या एकच समजतों. मुलाचा उत्साह आपण त्याच्या आवाजावरून मोजतों. न्यूयॉर्क येथें जुलै १९३९ मध्यें विज्ञानकथांच्या चाहत्यांचें पहिलें जागतिक संमेलन भरलें तेव्हां सुमारे २०० माणसें जमलीं होतीं. सॅन डिएगो शहरांत १९७० पासून चित्रकथांच्या चाहत्यांचा मेळा भरतो. तेथें आतां लाखाहून अधिक लोक अनेक दिवस लोटतात. त्यांतले पुष्कळसे पुस्तकांत डोकें खुपसून वाढलेले, एकट्यानें रमणारे लोक असतात. म्हणून तिकडील अनेक संमेलनांतून आतां एक शांत खोली राखून ठेवतात. तेथें कोणी कोणाशीं बोलत नाहीं. थकलेल्यानें यावें, बसावें, पुन्हां गर्दींत जावें. यांत खर्च तो काय? एक सतरंजी आणि पाण्याचा माठ. आमच्या साहित्य संमेलनांतून व शाळांच्या स्नेहसंमेलनांतून अशी एक खोली असावी, असें आमचें स्पष्ट मत आहे.

यावर आमच्याच शिक्षकवर्गांतून आक्षेप निघाला आहे. अशानें मुलें माणूसघाणीं होतील, धीटपणा कसा येणार, असें कांहीं सहकारी म्हणतात. आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. पायरीवर बसलेला प्रत्येक मुलगा आपल्या खुषीनें बसलेला असतो असें नव्हे. एखाद्यास खेळांत कोणीं घेतलेलें नसतें. कोणी त्याच्या बोलण्यास हंसलेलें असतें. एखाद्याचा पोषाख जुना असतो. अशा मुलास शांत खोली दाखविणें म्हणजे त्याच्या जखमेवर दार लावून घेणें होय; त्याचा हात धरून त्यास खेळांत नेलेंच पाहिजे. दोघांतला भेद बाहेरून एकदम कळत नाहीं, पण जवळ जाऊन पाहिल्यास कळतो. एकाचे डोळे मैदानावरून हालत नाहींत, कोणी नुसतें पाहिलें तरी तो अर्धा उठतो. दुसरा स्वस्थ असतो. आमचा अपराध हाच कीं, त्या दिवशीं पालकांस उत्तर देण्यापूर्वीं आम्हीं त्यांच्या मुलाचा चेहरा पाहिलाच नाहीं. वीस वर्षें मुलांत काढलेल्या माणसाकडून हें घडावें!

संमेलनानंतरच्या सोमवारीं आम्हीं त्या मुलास सहज गांठून कार्यक्रमाविषयीं विचारलें. त्यानें हळू आवाजांत, पण न अडखळतां, दोन्ही दिवसांचा कार्यक्रम क्रमवार सांगितला. लेझमीच्या तिसऱ्या रांगेंत कोणाचा ठेका चुकत होता, नाटकांत दुसऱ्या अंकीं पत्र टेबलावरच राहून गेल्यामुळें नायकानें कोरा हात कसा वाचला, आणि बक्षिसाच्या वेळीं पहिलीतली एक मुलगी नांव पुकारूनही कां उठली नाहीं, हें सारें त्यास ठाऊक होतें. यांतलें नायकाचें पत्र आम्हांसही दिसलें नव्हतें, आणि नाटक आम्हींच बसविलें होतें.

त्याच्या वडिलांस आम्हीं पत्र लिहून आपलें आधींचें उत्तर मागें घेतलें आहे. त्यांचें उत्तर अद्याप आलेलें नाहीं. त्यांचें समाधान झालें नसेल, हें आम्ही जाणून आहों. एका पत्रानें बापाची काळजी मिटावी अशी अपेक्षाही नाहीं.

यंदाच्या स्नेहसंमेलनांत वाचनालय दररोज दुपारीं बारापासून चारपर्यंत उघडें राहील. मुख्याध्यापकांची अनुज्ञा मिळाली आहे, किल्ली आमच्यापाशीं आहे. दाराजवळ आम्ही उत्तरपत्रिका घेऊन बसूं. आंत येणारास कारण विचारणार नाहीं, आणि मैदानावर परत जाणारास अडविणार नाहीं. फळ्यावर ही सूचना लागली त्याच दिवशीं तो मुलगा मधल्या सुटींत आमच्याकडे आला. खिडकीजवळचें बांक कोणीं आधीं धरून ठेवलें आहे काय, एवढेंच त्यानें विचारलें. नाहीं, असें आम्हीं सांगितलें.