जनुकांच्या चाचणीआधी फॉर्मलिनची बरणी

कॅनडाच्या न्यूफाउंडलंड प्रांतात १९९७ ते २००५ या काळात स्तनाच्या कर्करोगाच्या सुमारे ४०० रुग्णांना हार्मोन रिसेप्टर चाचणीचा चुकीचा निकाल मिळाला. टॅमॉक्सिफेनसारखी स्वस्त, जुनी गोळी ज्यांना लागू पडली असती, अशा अनेकांच्या हाती ‘निगेटिव्ह’ रिपोर्ट पडला आणि गोळी राहून गेली. न्यायमूर्ती मार्गारेट कॅमेरॉन यांच्या आयोगाने २००९ मध्ये अहवाल दिला. त्यात प्रयोगशाळेतल्या गुणवत्ता नियंत्रणाचे वाभाडे निघाले.

आज चर्चा असते ती जनुकीय चाचण्यांची, आणि ती असायलाही हवी. २१ जनुके तपासणाऱ्या ऑन्कोटाइप डीएक्सने केमोथेरपीचा हिशेबच बदलला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टेलरएक्स अभ्यासात या चाचणीत मधला गुणांक आलेल्या ६,७११ स्त्रिया होत्या. नऊ वर्षांनंतर आजार न उलटता जगणाऱ्यांचे प्रमाण नुसत्या हार्मोनच्या गोळ्यांवर ८३.३ टक्के, तर केमोची जोड दिल्यावर ८४.३ टक्के निघाले. पन्नाशीच्या आतल्या काहींना केमोचा थोडा फायदा दिसला. बाकीच्यांची त्या त्रासातून सुटका होऊ शकते. परदेशी चाचणीचा खर्च आपल्याकडे लाखांत जातो. बेंगळुरूत विकसित झालेली कॅनअसिस्ट ब्रेस्ट ही चाचणी मात्र पाच प्रथिने आणि गाठीचा आकार, ग्रेड, काखेतल्या गाठींची स्थिती यांवरून धोका वर्तवते.

पण या चाचण्यांच्या दाराशी पोचते कोण? जिची गाठ ईआर (इस्ट्रोजेन हार्मोनचा रिसेप्टर) पॉझिटिव्ह आणि हर-टू (पेशींवरचे एक प्रथिन) निगेटिव्ह ठरली, तीच. ही पहिली पायरीच चुकली, तर पुढचा प्रश्न कोणी विचारतच नाही. ब्रिटनमधल्या रुग्णांच्या नोंदींवर उभे असलेले ‘प्रेडिक्ट’ हे गणकयंत्रही तेच रकाने मागते आणि चुकीच्या माहितीवर तितक्याच ठामपणे जगण्याच्या शक्यतेची टक्केवारी काढून देते. (ती टक्केवारी तशा शंभर जणींची असते, समोर बसलेल्या एकीची नव्हे, हे दवाखान्यातल्या घाईत कितीदा सांगितले जाते?)

आणि ही पायरी अगदीच साध्या गोष्टींवर उभी आहे. काढलेली गाठ तासाभरात फॉर्मलिनमध्ये पडली पाहिजे. तिथे ती किमान ६ आणि जास्तीत जास्त ७२ तास राहिली पाहिजे. अख्खा स्तन न कापता बरणीत बुडवला, तर द्रावण आतल्या गाठीपर्यंत फार सावकाश पोचते. तोवर पेशी खराब होऊ लागतात, रिसेप्टर दिसेनासे होतात. तालुक्याच्या गावी शस्त्रक्रिया आणि शहरात तपासणी, असा प्रवास असेल तर बरणीची जबाबदारी नेमकी कोणाची, हे आधीच ठरलेले हवे.

म्हणून मागणी सोपी आहे. गाठ किती वाजता काढली, फॉर्मलिनमध्ये कधी टाकली, किती तास ठेवली आणि तपासणीच्या वेळी कंट्रोल स्लाइड बरोबर आली का, या चार नोंदी प्रत्येक रिपोर्टवर छापल्या जाव्यात. सरकारी योजनेतून पैसे घेणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाला आणि प्रयोगशाळेला ती अट घालायला नव्या यंत्राची गरज नाही.