ट्राउटचे भवितव्य शेतात!

डेन्मार्कमधील सरकार आणि संसदेतील बहुतांश पक्षांनी १८ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘हरित त्रिपक्षीय करारा’वर शिक्कामोर्तब केले, तेव्हा जगभर गाजावाजा झाला तो एकाच कलमाचा. गाई-डुकरांच्या वायू-उत्सर्जनावर २०३० पासून कर लावण्याचा निर्णय घेणारा हा पहिला देश ठरला. मात्र डेन्मार्कच्या किनाऱ्यावर गळ टाकणाऱ्यांच्या दृष्टीने कराराचा गाभा वेगळाच होता. शेतांतून खाड्यांत वाहून जाणारे नत्र वर्षाला सुमारे १३,८०० टनांनी घटविण्याचे त्यात ठरले आहे. समुद्री ट्राउट या माशाचे भवितव्य या आकड्याशी बांधलेले आहे.

समुद्री ट्राउट ही निराळी जात नव्हे. इंग्रजांनी १९०० च्या सुमारास काश्मीरच्या नद्यांत आणलेला ब्राऊन ट्राउट आणि हा मासा एकाच जातीचे. काही पिल्ले जन्मभर नदीत राहतात, तर काही चंदेरी रूप धारण करून समुद्राकडे निघतात, तेथे पोसली जातात आणि अंडी घालण्यासाठी नदीच्या वाळू-खड्यांत परततात. या ये-जा करण्याच्या वाटेवर खाडी लागते. डेन्मार्कचे फियॉर्ड नॉर्वेसारखे खोल नसून बहुतांशी उथळ आहेत. त्यामुळे कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून, पिसे-दोऱ्यांनी बनविलेली कोळंबीसारखी दिसणारी कृत्रिम ‘माशी’ लवचिक काठीने दूर फेकायची, हा खेळ येथे चांगलाच रुजला. अंडरसनच्या परीकथांमुळे परिचित असलेले ओडेन्स शहर ज्या फ्युन बेटावर वसले आहे, ते बेट या खेळाचे युरोपातील एक माहेरघर मानले जाते.

हे वैभव आपोआप आलेले नाही. १९९० मध्ये फ्युनच्या जिल्हा प्रशासनाने समुद्री ट्राउटसाठी खास प्रकल्प हाती घेतला. ओढ्यांवरील बांध काढणे, पात्रात खडी टाकणे, पिल्ले सोडणे ही कामे त्यात होती. २००७ मध्ये जिल्हा प्रशासने मोडीत निघाली, तरी नगरपालिकांनी हा प्रकल्प चालू ठेवला. १९९३ पासून देशभर गळ टाकणाऱ्यांना वार्षिक परवाना सक्तीचा झाला आणि त्या शुल्कातून नद्यांच्या दुरुस्तीला पैसा मिळू लागला. थोडक्यात, छंदाचा आनंद घेणाऱ्यांनीच त्याची किंमत मोजावी, अशी ही रास्त व्यवस्था होती. चाळीस सेंटिमीटरपेक्षा लहान मासा सोडून द्यायचा, मोठ्या नद्यांच्या मुखांपासून ५०० मीटरपर्यंत मासेमारी करायची नाही, हे निर्बंधही त्यांनी स्वीकारले.

परंतु मेख अशी की, परवान्याच्या पैशाने नदीचा बांध निघतो. खाडीतले पाणी त्याने शुद्ध होत नाही. डेन्मार्कची सुमारे ६० टक्के जमीन लागवडीखाली आहे आणि तेथे माणसांपेक्षा डुकरे अधिक आहेत. खत आणि शेणामुतातील नत्र पावसाबरोबर खाडीत उतरले की शेवाळ माजते. ते मरून तळाशी बसते आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवते. गढूळ पाण्यामुळे तळाशी प्रकाश पोहोचत नाही आणि समुद्री गवत मरते. हेच गवत कोळंबी आणि लहान माशांचे आश्रयस्थान. ट्राउट पोहत निघून जाऊ शकतो, त्याचे अन्न जाऊ शकत नाही.

२०२३ च्या शरद ऋतूत डेन्मार्कच्या सागरी क्षेत्रात प्राणवायूची टंचाई दोन दशकांतील सर्वाधिक तीव्र होती. एप्रिल २०२४ मध्ये तर पर्यावरणवाद्यांनी वायले फियॉर्डची प्रतीकात्मक अंत्ययात्राच काढली. असे असताना केवळ पिल्ले सोडत राहणे म्हणजे गळक्या हंड्यात पाणी भरणे होय. सील आणि पाणकावळे मासे खातात ही तक्रार खोटी नाही. पण निवारा हरपलेल्या खाडीत पिल्ले त्यांच्या तावडीत अधिक सहज सापडतात, हेही ध्यानात घ्यायला हवे.

शेतकऱ्यांचीही बाजू आहे. १९८६ मध्ये कॅटेगाटमधील मृत लॉबस्टरच्या चित्रांनी देश हादरला आणि १९८७ मध्ये पहिली जलपर्यावरण योजना आली. तेव्हापासून नत्राचा निचरा जवळपास निम्म्यावर आला आहे. आणखी किती कमी करायचे, हा त्यांचा सवाल गैर म्हणता येणार नाही. पण इतिहासाचे दुसरे पानही आहे. डिसेंबर २०१५ मध्ये खतांवरील मर्यादा शिथिल करण्याचे ठरले आणि त्यावरून उठलेल्या वादळात फेब्रुवारी २०१६ मध्ये खात्याच्या मंत्री एव्हा क्येर हान्सेन यांना पायउतार व्हावे लागले. एका सरकारने कमावलेले दुसऱ्याने गमवावे, हा धोका तेथेही आहे.

म्हणूनच नव्या कराराची परीक्षा कराच्या दरात नाही, जमिनीत आहे. अडीच लाख हेक्टरवर नवे जंगल, एक लाख चाळीस हजार हेक्टर सखल जमीन लागवडीतून मुक्त आणि त्यासाठी सुमारे ४३ अब्ज क्रोनर, असा हा संकल्प आहे. जमीन प्रामुख्याने शेतकऱ्याच्या संमतीनेच घ्यावयाची असल्याने कामाची गती गावोगावच्या वाटाघाटींवर ठरेल. दुसरीकडे युरोपीय संघाच्या पाणीविषयक निर्देशाची अखेरची मुदत २०२७ ही आहे. शिवाय तळाच्या चिखलात साचलेले नत्र लगेच जात नाही. आज शेत बदलले तरी खाडी सावरायला वर्षे लागतील.

गळ टाकणाऱ्यांनी तीन दशकांहून अधिक काळ आपला वाटा उचलला. त्या पैशाने नद्या उघडल्या, हे यश लहान नाही. पण खाडीची दुरुस्ती छंदिष्टांच्या वर्गणीतून होत नसते. ती जमिनीच्या वापरातून होते आणि जमिनीचा वापर राज्यकर्ते ठरवितात. डेन्मार्कने हे कागदावर मान्य केले आहे. तो कागद शेताच्या बांधापर्यंत पोहोचला की नाही, याचा हिशेब मंत्र्यांची निवेदने देणार नाहीत. तो खाडीतून नदीकडे परतणारा ट्राउटच देईल.