पदवी की पाना?



दहावीचा निकाल लागला की घरोघरी तीच चर्चा. अमक्याला सायन्स मिळालं, तमकीला कॉमर्स. आणि ज्याला मार्क कमी पडले त्याचं काय? "घाला त्याला आयटीआयला!" म्हणजे हाताचं काम ही जणू नापास होण्याची शिक्षाच! पण त्याच वेळी शेजारच्या गल्लीतला एसी दुरुस्त करणारा दादा, बी.कॉम. झालेल्या ताईपेक्षा महिन्याला जास्त कमावतो, हेही आपण बघतच असतो. मग खरं कुणाचं? आज त्यावरच जरा बोलू या. आई-बाबांनी हे पान वाचलं तरी चालेल. खरं तर वाचावंच.

बोलायला गाव घेऊ भिवंडी. ठाणे जिल्ह्यातली, यंत्रमागांची भिवंडी. तुमच्यापैकी जे तिथे राहतात त्यांना मागांची खटाखट अंगाईसारखी वाटत असेल. पाहुणा आला तर त्याला रात्रभर झोप येत नाही. या गावात हाताचं काम आणि शिक्षण यांचं नातं फार स्पष्ट दिसतं. समजा, तुम्ही तिथल्या एका घरातले आहात. वडील मागावर कामाला आहेत. दहावीला ६५ टक्के पडलेत. आई म्हणते, कॉलेजात जा, साहेब हो. वडील म्हणतात, इलेक्ट्रिशियन हो, दोन वर्षांत हाताशी काहीतरी येईल. दोघांनाही तुमचं भलंच हवं आहे. तुम्ही कुणाचं ऐकाल?

उत्तराची घाई करू नका. आधी एका माग-कारखान्यात डोकावून बघू या. मागावर उभे धागे ताणून बसवलेले असतात, तो ताणा. आडवा धागा म्हणजे बाणा. पोटात कांडी घेतलेला लाकडी धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे धावतो आणि बाणा भरत जातो. प्रत्येक फेरीला फणी पुढे येऊन तो धागा ठोकून बसवते. मागावरचा कारागीर एकाच वेळी बरेच माग सांभाळतो. धागा तुटला की गाठ मारायची, कांडी संपली की बदलायची. शिफ्ट बहुतेक बारा तासांची आणि मजुरी मीटरवर. जितकं कापड, तितके पैसे. माग बंद पडला तर कापड बंद आणि मजुरीही बंद.

अशा वेळी हाक मारतात जॉबरला. जॉबर म्हणजे माग जोडणारा आणि दुरुस्त करणारा. धोटा वेळेवर सुटत नाही की फणी मागेपुढे होते आहे, कुठला नट ढिला आहे, कुठला दाता झिजलाय, हे त्याला शोधून काढायचं असतं. हातात पाना, कपाळावर तेलाचा डाग. त्याची कमाई मीटरवर काम करणाऱ्या कारागिरापेक्षा जास्त, आणि मालकही त्याच्याशी जरा जपूनच बोलतो!

आता बघा हं. शेड एकच, माग एकच, दोघांचेही हात काळे. मग फरक कशाचा? एकाला माग चालवता येतो, तर दुसऱ्याला तो का चालत नाही हे कळतं. म्हणून "हाताच्या कामात पैसा आहे" असं कुणी सांगितलं तर लगेच मान डोलावू नका. विचारा, कुठल्या हाताच्या कामात?

पण गोष्ट इथेच संपत नाही. जॉबरची विद्याही म्हातारी होते, मित्रांनो. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. गिरण्या बंद पडल्या आणि कापडाची बरीच कामं भिवंडीच्या यंत्रमागांकडे वळली. भिवंडी वाढली, पण गिरणगावातले कितीतरी अनुभवी कामगार घरी बसले. त्यांचे हात तेच होते, कसबही तेच होतं. ज्या यंत्रावर ते चालायचं, ते यंत्रच थांबलं. आणि आता गेल्या काही वर्षांत भिवंडीतलेही जुने धोट्याचे माग भंगारात निघताहेत. सुताचे चढे भाव, विजेचा खर्च, २०१६ ची नोटाबंदी, २०१७ चा जीएसटी, कारणं अनेक आहेत. नवे माग बिनधोट्याचे. रॅपिअर मागात एक पट्टी धाग्याचं टोक पकडून पलीकडे नेते, एअरजेटमध्ये हवेचा झोत धागा फेकतो. धागा तुटला की सेन्सर माग आपोआप थांबवतो. आवाज ऐकून बिघाड ओळखणाऱ्या जुन्या जॉबरला तिथे इलेक्ट्रॉनिक पाटी समजून घ्यावी लागते, इंग्रजीतलं माहितीपुस्तक उघडावं लागतं. ज्याचं गणित आणि विज्ञान शाळेत कच्चं राहिलं, तो इथे अडतो. शाळेत "हे शिकून काय उपयोग?" असं विचारणाऱ्यांसाठी ही जागा लक्षात ठेवण्यासारखी आहे!

भिवंडीच्या आजूबाजूला आणखी एक बदल झाला. मानकोली, पूर्णा, काल्हेर, राहनाळ या बाजूला मैलोगणती गोदामं उभी राहिली. मुंबई जवळ, नाशिकचा महामार्ग दाराशी, आणि पूर्वी मुंबईची जकातही इथे लागू नव्हती (मुंबईतली जकात १ जुलै २०१७ पासून गेलीच). तुम्ही घरबसल्या मोबाइलवरून मागवलेली वस्तू बऱ्याचदा याच गोदामांमधून येते. तिथेही पुन्हा मागासारखंच आहे. खोकी उचलणारे, वस्तू शोधून पिशवीत भरणारे हात पुष्कळ लागतात, पण त्यांची जागा उद्या दुसरा कुणीही घेऊ शकतो. सरकते पट्टे, फोर्कलिफ्ट, जनरेटर, शीतगृहाची यंत्रणा चालू ठेवणारे फिटर, इलेक्ट्रिशियन आणि एसी-फ्रिजवाले मात्र सहज मिळत नाहीत.

मग कॉलेजचं काय? इथे मी जरा कडक बोलणार आहे. पदवीचंही अगदी असंच आहे. गाइड पाठ करून, न समजता मिळवलेली पदवी ही नुसता माग चालवण्यासारखी. प्रश्नपत्रिका बदलली की धागा तुटलाच! सरकारच्या श्रमबळ पाहणीत वर्षानुवर्षं दिसतंय की आपल्या देशात कमी शिकलेल्या तरुणांपेक्षा पदवीधर तरुणांमध्ये बेकारीचं प्रमाण जास्त आहे. ज्याच्या घरी चूल पेटायची असते तो मिळेल ते काम धरतो. पदवीधर पदवीला शोभेल अशा कामाची वाट बघतो, हेही त्यामागचं एक कारण. पण याची दुसरी बाजूही ऐका. चांगली नोकरी लागली, तर पदवीधराचा पगार सरासरीनं जास्तच असतो. आणि काही दारं पदवीशिवाय उघडतच नाहीत. डॉक्टर, वकील, माध्यमिक शाळेत शिक्षक व्हायचं असेल तर पर्याय नाही. एमपीएससीच्या राज्यसेवा परीक्षेला बसायलाही पदवी लागते. तुमचं मन यापैकी कशात असेल, तर एसीवाल्या दादाची कमाई बघून रस्ता बदलू नका.

आता थोडा हिशेब. दहावी होते सोळाव्या वर्षी. इलेक्ट्रिशियन किंवा फिटरचा आयटीआय दोन वर्षांचा, म्हणजे अठरा. मग साधारण वर्षभर अप्रेंटिस, म्हणजे एकोणीस. दुसरीकडे अकरावी-बारावी आणि तीन वर्षांची पदवी धरली तर एकविसावं वर्ष उजाडतं, आणि आता तर पदवीला चौथं वर्षही घेता येतं. सरकारी आयटीआयची फी इंजिनिअरिंग कॉलेजच्या फीपुढे अगदीच थोडी. अप्रेंटिस असताना उलट विद्यावेतन मिळतं. आयटीआय झालेल्याला महिन्याला किमान ७,००० रुपये, असं २०१९ साली नियमात ठरलं. अप्रेंटिसचा कायदा १९६१ पासून आहे. रेल्वेची परळ आणि माटुंग्याची वर्कशॉप्स, माझगाव डॉक, नौदलाची गोदी अशा ठिकाणी अप्रेंटिस घेतात. भिवंडीहून ती फार लांब नाहीत.

पण जाहिरातीत सांगत नाहीत ते मी सांगतो. आयटीआय झाला की लगेच नोटांचा पाऊस पडत नाही. पहिली काही वर्षं पगार बेताचा आणि नोकरी बहुतेक कंत्राटी. चांगली कमाई होते ती हात बसल्यावर, वायरमनचा परवाना मिळाल्यावर, चार लोक नाव घेऊन बोलवायला लागल्यावर. शिवाय हे काम शरीरानं करायचं असतं. मागाच्या शेडमध्ये वर्षानुवर्षं काढलेल्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागतो, आणि कापसाची धूळ छातीत जाते ती वेगळीच. पन्नाशीतही आपण शिडीवर चढणार का, याचा विचार सोळाव्या वर्षी कुणी करत नाही, पण करायला हवा.

बऱ्याच घरांत एक गैरसमज आहे, की आयटीआयला गेलं की शिक्षण संपलं. मुळीच नाही! दोन वर्षांचा आयटीआय झाल्यावर पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. डिप्लोमा झाला की इंजिनिअरिंगच्या पदवीला पुन्हा थेट दुसऱ्या वर्षाला. आयटीआयबरोबर भाषेचे विषय देऊन बारावीची समकक्षताही मिळते. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ तर १९८९ साली निघालंच मुळी काम करता करता शिकणाऱ्यांसाठी. म्हणजे ही वाट लांबची असेल, पण ती भिंतीपाशी संपत नाही. उलट्या दिशेनं मात्र माणसं सहसा येत नाहीत. पदवी झाल्यावर "आता पाना हातात घेतो" म्हणणारे थोडेच. आड येते ती लाज, दुसरं काही नाही.

या लाजेवर उपाय करून दाखवला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी. ते अमेरिकेत जाऊन पीएच.डी. झालेले शास्त्रज्ञ. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातली मोठी नोकरी सोडून १९८३ साली त्यांनी पुणे जिल्ह्यातल्या पाबळ या दुष्काळी गावात विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेतून गळालेली मुलं तिथे वर्षभर राहतात. वेल्डिंग करतात, विजेची जोडणी शिकतात, कोंबड्या पाळतात, शेती करतात, आणि हे सगळं करताना त्यातलं गणित आणि विज्ञानही शिकतात. कलबागसरांचं म्हणणं असं, की हात आणि डोकं यांना वेगळ्या वर्गात बसवायचंच कशाला? २००३ मध्ये ते गेले. पण एवढा शिकलेला माणूस वर्कशॉपमध्ये मुलांबरोबर उभा राहिला, की मुलांना वर्कशॉपची लाज वाटेलच कशी?

तुम्ही म्हणाल, किर्लोस्करांकडे तरी कुठे विद्यापीठाची पदवी होती? खरं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींपासून सुरुवात केली, नांगर बनवले आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. पण हे उदाहरण अर्धंच सांगतात लोक. त्याआधी ते मुंबईच्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये यंत्रांची चित्रं काढायला शिकले होते, आणि व्हीजेटीआयमध्ये तेच शिकवतही होते. लोखंडाला हात लावण्याआधी यंत्र कागदावर उतरवायला त्यांना येत होतं. पदवी नव्हती, शिक्षण होतं.

आता पुन्हा त्या ६५ टक्केवाल्या घरात जाऊ. माझं मत विचाराल तर, मुलाचा हात जर खरोखर स्क्रू-पान्यात रमत असेल तर वडिलांचं ऐकावं, आणि आईची अट मान्य करावी, की शिक्षण थांबवायचं नाही. तसा तो रमत नसेल, तर केवळ मार्क कमी आहेत म्हणून त्याला तिकडे ढकलू नये. आणि हो, इलेक्ट्रिशियन, फिटर या जागा गुणवत्ता यादीनंच भरतात. "कुठंच नाही मिळालं तर आयटीआय" म्हणणाऱ्याला तिथेही चांगला ट्रेड मिळेलच असं नाही. मुलींनो, हे तुम्हालाही लागू आहे. आयटीआयत मुलींसाठी राखीव जागा असतात, आणि मीटर, सर्किट, मोटर यांना समोर मुलगा आहे की मुलगी हे कळत नाही!

हात रमतो की नाही, हे कसं कळणार? मे महिन्याच्या सुट्टीत चार दिवस एखाद्या दुरुस्तीच्या दुकानात जाऊन बसा. कामाला नव्हे हं, नुसतं बघायला. मालकाची आणि घरच्यांची परवानगी घेऊन. मोटरचं वाइंडिंग चालू असेल तर तारांचे वेढे मोजा. मास्तरला विचारा, की सगळ्यात अवघड काय वाटतं, पहिली कमाई किती होती, आणि स्वतःच्या मुलाला याच धंद्यात आणणार का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देताना त्याच्या चेहऱ्याकडे बघा. मग एखाद्या कॉलेजात शिकणाऱ्या ताईला किंवा दादालाही तेच तीन प्रश्न थोडे फिरवून विचारा. दोन्ही उत्तरं वहीच्या समोरासमोरच्या पानांवर लिहा, वही आई-बाबांना दाखवा, आणि त्यातलं काय तुम्हाला अनपेक्षित वाटलं ते आम्हाला कळवा. पत्रावर इयत्ता आणि गाव लिहायला विसरू नका.