नाइटचं पाकीट

सांगवीपासून पिंपळे गुरवचं निळू फुले रंगमंदिर जवळच. प्रयोग संपला की नाइटचं, म्हणजे त्या प्रयोगाच्या मानधनाचं, पाकीट हातात, एवढाच माझा हिशेब. मार्च २०२० मध्ये नाट्यगृहं बंद झाली. मध्यंतरी काही महिने उघडून पुन्हा बंद पडली; परत उघडली २२ ऑक्टोबर २०२१ला, तीही निम्म्या क्षमतेने. त्या काळात म्युच्युअल फंड वितरकाची परीक्षा दिली: दोन तास, १०० गुण, ५०ला पास. संवादांच्या पाठांतराची सवय कामी आली.

आता ढोलकीवाले, प्रकाशयोजना करणारे सल्ल्याला येतात. गुंतवणुकीचा दरमहा ठरावीक हप्ता त्यांच्या गळ्यात मारणं मला चुकीचं वाटतं. आधी सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला, मग प्रयोग मिळतील तशी गुंतवणूक. पण कर्ज मागितलं, की अनेकदा पगाराची स्लिपच मागतात! वर्षानुवर्षं खात्यात जमा झालेल्या नाइट्स बँकांनी उत्पन्न म्हणून मोजायलाच हव्यात.